सिंदीचं घर दिसत नाई

अण्णाजी : नाई दिसत.

लखन : आता?

अण्णाजी : आताही नाई. नुसतं गोल गोल फिरून राह्यलं.

लखन : अण्णाजी, तुमी पुण्यात पंख्याखाली बसले आहा. मी इथं तुमच्या सिंदीच्या घरी शिडीवर आहो, फोन स्पीकरवर टाकून. तीन डाव चढलो, तीन डाव उतरलो. पत्रा असा तापला का पापड ठेवला तर भाजीन. जरा मोबाईल आडवा धरून नीट पाहा.

अण्णाजी : धरला आडवा.

लखन : कोपऱ्यात हिरवा ठिपका आहे का?

अण्णाजी : ठिपका आहे. घर नाई.

लखन : ठिपका हिरवा म्हणजे इथची लाईन तिथं पोहोचली. मंगळवारी तुमच्या पोराच्या, अंकुशभाऊच्या मोबाईलवर एका मिनिटात लागलं. तुमच्याच मोबाईलवर काऊन अडते, मले समजूनच नाई राह्यलं. तिसरा फेरा आहे हा माझा.

अण्णाजी : त्याचा मोबाईल नवा आहे. माझा म्हणजे त्यानं वापरून टाकलेला. म्हातारा झाला असंन तोही.

लखन : मोबाईलची काई चूक नाई. मी तर राऊटरही हलवला. देवघरात ठेवला होता कोणीतरी, ती भिंत पाहा केवढी जाड. तिथून काढून बैठकीत आणला. मागच्या अंगणात, सांदवाडीपर्यंत रेंज जात नव्हती, तर मधात एक डबा लावला, रेंज पुढं ढकलाले. फायबरवाल्याले बोलावून स्पीड मोजली. आता काय राह्यलं बाकी, तुमीच सांगा.

अण्णाजी : एक काम कर. तो सांदवाडीतला कॅमेरा थोडा डावीकडे फिरव.

लखन : दिसत नाई म्हणता अन् फिरव म्हणता?

अण्णाजी : फिरवल्यानं लागते कधी कधी. रेडिओचं तसंच राहे.

लखन : हा रेडिओ नाई, पण फिरवतो. घ्या.

अण्णाजी : आणखी थोडा. विहिरीच्या कठड्यापर्यंत.

लखन : आला कठडा.

अण्णाजी : जाळी आहे ना वरती?

लखन : आहे. एक कोपरा उचलला आहे, दगड ठेवून देतो. दिसलं का?

अण्णाजी : नाई. आता खाली कर जरासा. तिथं दगडी पाटा असंन, तुझ्या काकूचा.

लखन : पाटा आहे. वरवंटाही आहे. पानं पडली आहे वरतून.

अण्णाजी : असू दे. पानं पडतच राहतात. आता उजवीकडे, हळू.

लखन : अण्णाजी, मले वाटते तुमी मले कॅमेऱ्यानं सारं घर झाडून काढाले लावून राह्यले. दिसलं का काई?

अण्णाजी : कुठचं काय. अरे, बकरी हाकल. जास्वंदीले तोंड लावलं तिनं. उतर लवकर, शेंडा खाऊन टाकीन.

लखन : हुर्र, हुर्र. चाल. कोणाची आहे ही?

अण्णाजी : तानबाची. शेजारीच आहे तो, किल्ली त्याच्याचजवळ असते. फाटक लावाचं भानच नाई त्याले.

लखन : गेली. शेंडा वाचला. दोन पानं घेऊन गेली फक्त.

अण्णाजी : वाचलं बापा.

लखन : अण्णाजी.

अण्णाजी : बोल.

लखन : बकरी तुमाले कुठून दिसली?

अण्णाजी : आवाज आला तिचा.

लखन : आवाजच नाई केला तिनं. मी इथं शिडीवर होतो, मले नाई समजली. अन् तुमाले सातशे किलोमीटरवरून ती कोणत्या झाडाचं काय खाऊन राह्यली तेही समजलं.

अण्णाजी : अंदाज असते माणसाले आपल्या घराचा.

लखन : राहू द्या. इथं लिहून आलं आहे माझ्या मोबाईलवर, दोन जण पाहून राह्यले म्हणून. एक मी, एक तुमी. झोपलेल्याले उठवता येते, सोंग घेतलेल्याले नाई उठवता येत. तीन फेरे मी तुमचं सोंग उठवून राह्यलो. कधीपासून दिसते?

अण्णाजी : मंगळवारपासून.

लखन : पहिल्याच दिवसापासून?

अण्णाजी : साफ दिसते. मागच्या ओट्याच्या फरशीले तडा गेला तो दिसते. सकाळी तानबा माझ्या ओट्यावर बसून माझाच पेपर वाचते. पान उलटाच्या आधी बोटाले थुंकी लावते, ते पण दिसते. तुझं काम एक नंबर आहे लखन, त्यात वादच नाई. मीच नालायकपणा केला तुझ्यासंग.

लखन : काऊन पण? माणसं भांडतात माझ्यासंग, दिसत नाई म्हणून. दिसते तरी नाई म्हणणारा पहिलाच पाहिला.

अण्णाजी : दिसते म्हणलं, का माझं सिंदीले येणं बंद.

लखन : कोण म्हणते?

अण्णाजी : अंकुश. वाईट नको समजू त्याले, चांगला आहे पोरगा. तुझी काकू गेली अन् तीन वर्षांखाली तो मले इकडे घेऊन आला. तवापासून एक गोष्ट मी पकडून ठेवली होती. घर पाहाले जातो म्हणो, अन् महिन्याले चार दिवस तिकडे. इकडचे सव्वीस दिवस मी त्या चार दिवसांच्या भरवशावर काढो. कोणती गाडी, वर्धेवरून पुढं कोणती पॅसेंजर, घरी गेल्यावर आधी काय झाडाचं, हेच डोक्यात.

लखन : मग?

अण्णाजी : मग फागुनात न्हाणीत पाय घसरला. सकाळी सात वाजता पडलतो. तानबा नेमका त्या दिवशी लग्नाले जाम गावी गेलता. वापस आला एक वाजता, तवा त्यानं मले पाहिलं. बाकी काई नाई, कंबर धरली. पण अंकुशनं हाय खाल्ली. म्हणे बाबा, तुमी घर पाहालेच जाता ना, मग मी तुमाले ते इथंच दाखवतो, खुर्चीत बसून पाहा, तुमच्या मोबाईलवर दिसाले लागलं का जाणं बंद. मी काय म्हणू? हो म्हणलं. मले वाटलं सिंदीत कुठं चालते असलं काई. एवढा हुशार माणूस येईन हे काय माहीत.

लखन : म्हणजे माझंच चुकलं.

अण्णाजी : तुझं काऊन चुकीन. तुले त्यानं काम सांगितलं, तू केलं.

लखन : पण अण्णाजी, तिथंही पोरगा आहे, सून आहे. लोकं तरसतात बापा असं पोराजवळ राहाले. खाली उतरलं, बगिच्यात दोन फेरे मारले, चार म्हातारे भेटतात.

अण्णाजी : खाली उतरता येते. वर येता येत नाई.

लखन : लिफ्ट बंद असते का?

अण्णाजी : लिफ्ट चालू आहे. दाराले नवीन कुलूप बसवलं दसऱ्याले. किल्लीच नाई त्याले, अंगठा लावाचा. अंकुशचा लागते, सुनेचा, मोहिनीचा लागते, भांडेवालीचाही लागते. माझा नाई लागत.

लखन : दोन-तीन डाव घ्या लागते अंगठा. ओला करून लावा.

अण्णाजी : ओला करून, कोरडा करून, फुंकर मारून. बत्तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो मी. ग्रीस, कातडी पट्टे, तापलेले बेअरिंग. बोटाच्या रेघाच गेल्या साऱ्या. रेशनच्या मशीनवरही असाच तमाशा होये. तिथं निदान दुकानदार वळखे मले. इथं दार लागलं का मी बाहेरच्या जगात, नवव्या माळ्यावर, जिन्यात. सकाळी दोघं कामाले जातात ते अंधार पडता येतात. मग मी बाहेरच नाई निघत. कोणी कोंडलं नाई मले, आतून उघडं आहे दार. मी खिडकीत बसतो. समोर दुसरी बिल्डिंग आहे, तिथंही एक बुढा बसते. आमी एकमेकाले पाहतो.

लखन : अंकुशभाऊले सांगितलं का हे?

अण्णाजी : नाई. आता तू मले एवढं सांग, तुझ्यानं काई होते का? बिघाड आहे, लागतच नाई, असं म्हण त्याले.

लखन : मी नाई म्हणू शकत, अण्णाजी. इथं सिंदीतच दुकान आहे माझं. अंकुशभाऊनं त्यांच्या दोन दोस्तांची घरं दिली मले वर्धेत. लखनचा कॅमेरा लागत नाई अशी बोंब झाली का संपलं. या धंद्यात नावावरच काम येते.

अण्णाजी : बरोबर आहे तुझं.

लखन : राग नका धरू.

अण्णाजी : राग कायचा. मी खोटं बोल नव्हतो म्हणत तसा. पट्टा उतरवून दे म्हणत होतो.

लखन : कोणता पट्टा?

अण्णाजी : जुन्या जिनिंगमध्ये एकाच लांब शाफ्टवर सारे रेचे, सरकी काढाच्या मशीना, चालत. मोठा पट्टा उतरला का सारी लाईन उभी. रेच्यावर बाया राहत कापूस टाकाले. चैताचं ऊन, वरून पत्रे, हवेत सारी रुई. पाणी प्याले सुटी नाई. मग मी काय करो, पट्ट्याचा ताण जरा ढिला ठेवो. दुपारी पट्टा आपोआप उतरे. चढवाले अर्धा घंटा लागे. लागे दहा मिनिटं, पण मी अर्धा घंटा लावो. तेवढ्यात बाया पाणी पीत, पाय लांब करत. मॅनेजर धावत येये. खोटं कधी नाई बोललो त्याच्यासंग. पट्टा जुना आहे म्हणो, अन् जुनाच होता तो.

लखन : तीन वाजता.

अण्णाजी : काय तीन वाजता?

लखन : पट्टा तीन वाजता उतरे ना?

अण्णाजी : तुले काय माहीत? तू तर जन्मलाही नसशीन.

लखन : माझी माय होती रेच्यावर. सुंदरा.

अण्णाजी : सुंदरा मडावी? गाणं म्हणे ती? तुमच्या गोंडी बोलीत?

लखन : हो. अजूनही म्हणते.

अण्णाजी : मले एक शब्द समजे नाई, पण रेच्याच्या आवाजातही ऐकू येये. एका साली तर तिले आठवा महिना होता. वाकता येत नव्हतं, तरी टोपलं सोडे नाई. घरी बसली तर काम जाईन, असं म्हणे.

लखन : आठवा महिना माझाच होता, अण्णाजी.

अण्णाजी : अरे देवा.

लखन : मले माहीत नव्हतं तो फिटर म्हणजे तुमी. माय नुसतं फिटरबाबा म्हणते. आमच्या घरी आजही कोणी दमलेलं दिसलं का माय म्हणते, याचा पट्टा उतरवा रे कोणीतरी. मी लहानपणापासून ऐकतो. कुठून आलं ते आज समजलं.

अण्णाजी : बरी आहे का ती?

लखन : गुडघे गेले. बाकी ठणठणीत आहे. थांबा, मले विचार करू द्या जरा.

अण्णाजी : कर. मी काई कुठं जाऊन नाई राह्यलो.

लखन : ऐका. या कॅमेऱ्याचा खरा नियम असा आहे का मालकाच्या मोबाईलवर जोडाचं, अन् जोडताना मालकाचा मोबाईल घरातल्या वायफायवर पायजे. म्हणजे मालक घरी हजर. तुमी तिकडे होते, म्हणून मंगळवारी मी माझ्या मोबाईलवरून जोडलं अन् तुमाले दोघाले वाटून दिलं. कामचलाऊ केलं ते. घर कोणाच्या नावानं आहे?

अण्णाजी : माझ्या.

लखन : झालं मग. कॅमेऱ्याच्या पोटाले एक बारीक बटण आहे. दहा सेकंद दाबलं का तो कोरा होते. मग नियमानं लावाचा म्हणलं तर मालक आल्याशिवाय लागत नाई. मी अंकुशभाऊले एवढंच सांगीन, का काम कच्चं झालं होतं, पक्कं कराले अण्णाजी लागतीन. यात एक शब्द खोटा नाई.

अण्णाजी : फिटर झाला असता तू चांगला.

लखन : हा चढलो शिडीवर. दाबू?

(सांदवाडीतल्या कॅमेऱ्यातून खरखर येते, मग तिसरा आवाज.)

अंकुश : लखनभाऊ, थांबा.

लखन : अरे बाप रे. अंकुशभाऊ?

अंकुश : तुमचा मोबाईल त्या दोघांत मोजत नाहीत. एक बाबा होते, दुसरा मी.

अण्णाजी : कधीपासून ऐकून राह्यला तू?

अंकुश : बकरीपासून. मोबाईलवर अलर्ट आला, अंगणात हालचाल म्हणून. मीटिंगमधून बाहेर आलो पाहायला. आता ऑफिसच्या जिन्यात उभा आहे.

लखन : भाऊ, मी उतरतो खाली. तुमी दोघं बोलून घ्या. माझी चूक असंन तर…

अंकुश : तुम्ही थांबा तिथंच. बाबा, अंगठा लागत नाही हे मला का नाही सांगितलं?

अण्णाजी : काय सांगू? बत्तीस वर्षं मशीना चालवल्या अन् आता पोराच्या दाराची मशीन मले वळखत नाई, असं सांगू?

अंकुश : त्याला नंबरही आहे. मी लिहून दिला होता तुम्हाला.

अण्णाजी : तीन डाव चुकला. कुलूप बोंबलाले लागलं. वॉचमन वर आला, म्हणे कोणाकडे आले, आधार कार्ड दाखवा. मी बनियानवर होतो, कचऱ्याचा डबा ठेवाले निघालतो नुसता. मोहिनी येईपर्यंत खाली त्याच्या टेबलाजवळ बसून होतो.

अंकुश : मोहिनीनं एक शब्द नाही सांगितला मला.

अण्णाजी : मीच नको म्हणलं तिले. तिच्यावर नको रागावू.

अंकुश : कधीची गोष्ट आहे?

अण्णाजी : संक्रांतीच्या आधीची.

अंकुश : तेव्हापासून तुम्ही एकटे बाहेरच नाही गेले?

अण्णाजी : सिंदीले गेलतो तेवढाच.

अंकुश : आणि मी तेच बंद करत होतो.

अण्णाजी : तुले कुठं माहीत होतं.

अंकुश : बाबा, त्या दिवशी तानबाकाकांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, श्वास चालू आहे. पुढं काही सांगताच येईना त्यांना. पुण्यापासून सिंदीपर्यंत मी गाडीत तेवढं एक वाक्य घेऊन गेलो. श्वास चालू आहे. तिथं पोहोचलो तर तुम्ही खाटेवर बसून मला विचारलं, जेवला का. मले भेव वाटते, बाबा. दुसरं काही नाही.

अण्णाजी : मलेही वाटते. पण इथं बसून जास्त वाटते. सिंदीत पडलो तर तानबा तरी येते, उशिरा का होईना. इथं दुपारी पडलो तर तुमचं दार कोण उघडीन?

लखन : भाऊ, आहात ना? लाईन गेली काय?

अंकुश : आहे.

लखन : मी बटणावरून हात काढला आहे. तुमी म्हणाल तसं.

अंकुश : पक्कं काम करायला किती दिवस लागतात, लखनभाऊ?

लखन : माझं काम अर्ध्या घंट्याचं…

अण्णाजी : पट्टा जुना आहे. पंधरा दिवस लागतीन.

अंकुश : पंधरा दिवस. शनिवारी मी स्वतः सोडायला येतो. न्हाणीत धरायला दांडी बसवायची आधी. आणि कॅमेरा लागल्यावर तुम्ही मला दिसले पाहिजेत. अंगणात, ओट्यावर, न्हाणीच्या बाहेर.

अण्णाजी : न्हाणीच्या दारापर्यंत. अंदर नाई.

अंकुश : दारापर्यंत. आणि पंधरा दिवसांनी परत यायचं.

अण्णाजी : येईन. न येऊन कुठं जाईन. पण त्या कुलुपाचं पाहा पहिले.

अंकुश : आज जुनं लावून घेतो. किल्लीचं.

अण्णाजी : एक किल्ली मले दे. सुतळीत ओवून.

अंकुश : देतो. लखनभाऊ, दाबा तुम्ही.

लखन : नक्की? मग तुमच्याही मोबाईलवरचं जाईन, भाऊ. शनिवारपर्यंत कोणालेच काई दिसणार नाई.

अंकुश : चालेल.

अण्णाजी : थांब लखन. दाबाच्या आधी एक डाव जास्वंदीकडे फिरव.

लखन : फिरवला.

अण्णाजी : दोन नाई, तीन पानं खाल्ली तिनं. तानबाले सांगजो, शनिवारी येऊन राह्यलो म्हणावं. फाटक लाव म्हणावं. अन् सुंदराले… तिले मीच भेटीन. दाब आता.

लखन : दाबलं. आठ, नऊ, दहा. गेलं का तुमच्याइथचं?

अण्णाजी : गेलं. आता खरंच नाई दिसत.